उष्णतामानाची लहानमोठी मापे

मोजमापावाचून व्यवहाराचे पाऊल पुढे पडत नाही. कापड मीटरने मिळते, धान्य किलोग्रॅमने मिळते, आणि आपल्या सुरतेच्या हिरेबाजारात तर कॅरेट आणि सेंट यांवाचून बोलणेच होत नाही. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. अर्ध्या कॅरेटचा हिरा पन्नास सेंटांचा, हे घंटीवर बसणारा कारागीर कागद-पेन्सिल न घेता सांगतो. मोठ्या मापातून लहान मापात आले की आकडा वाढतो आणि लहान मापातून मोठ्या मापात गेले की आकडा घटतो. वस्तू मात्र होती तेवढीच राहते. सर्व मापांच्या रूपांतराचे मर्म एवढेच आहे.

उष्णतामानाच्या बाबतीत मात्र हा सोपा नियम लावताना पुष्कळांची फसगत होते. घरगुती व्यवहारात आपल्याला थोडेच आकडे लागतात. उन्हाळ्यात सुरतेचा पारा ४० अंश सेल्सियसच्या आसपास जातो. पाणी १०० अंशांवर उकळते. येथील रंगाईच्या कारखान्यांत पॉलिएस्टरचे कापड दाबाखाली सुमारे १३० अंशांवर रंगवितात. परंतु शास्त्राचा प्रदेश याहून फार विस्तृत आहे. त्याच्या एका टोकाला कोट्यवधी अंश आहेत, तर दुसऱ्या टोकाला एका अंशाचाही अब्जांश भाग मोठा ठरतो. इतके मोठे व इतके लहान आकडे लिहावेत कसे, आणि एकातून दुसऱ्यात न्यावेत कसे, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय दूरचा वाटेल, पण त्याचा एक धागा आपल्या दारातूनच जातो. तापीच्या मुखापाशी हजिरा येथे लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या कारखान्यात पोलादाचे एक प्रचंड भांडे तयार झाले. ते फ्रान्सच्या दक्षिण भागातील कादाराश येथे उभारल्या जाणाऱ्या 'इटर' नावाच्या यंत्रासाठी आहे. सूर्यात ज्या रीतीने ऊर्जा निर्माण होते, त्याच रीतीने, म्हणजे हायड्रोजनच्या हलक्या अणुकेंद्रांचे मीलन घडवून, पृथ्वीवर ऊर्जा मिळविता येईल काय, हे पाहण्यासाठी अनेक राष्ट्रांनी मिळून हे काम हाती घेतले आहे. भारत २००५ साली या कार्यात सामील झाला. हे भांडे सुमारे २९ मीटर रुंद, जवळजवळ तितकेच उंच, आणि ३,८५० टन वजनाचे आहे. एवढी वस्तू अखंड नेणे अशक्य, म्हणून ती ५४ भागांत करून समुद्रमार्गे पाठविली गेली. शेवटचा भाग २०२० साली हजिऱ्याहून निघाला.

हे भांडे म्हणजे एक अतिविशाल थर्मास आहे, असे म्हटले तरी चालेल. त्याच्या आत निर्वात पोकळी ठेवावयाची आहे. यंत्र पूर्ण होऊन चालू झाले म्हणजे त्याच्या गाभ्यातील तप्त वायूचे, अर्थात प्लाझ्माचे, उष्णतामान १५ कोटी अंशांपर्यंत न्यावे, अशी योजना आहे. सूर्याच्या केंद्राचे उष्णतामान सुमारे दीड कोटी अंश. म्हणजे त्याच्या दहापट! आणि तेथून काही मीटर अंतरावर जे विद्युच्चुंबक बसविलेले असतील, ते मात्र हेलियमच्या साह्याने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवावे लागतील. कारण त्याच थंडीत त्यांच्या तारा विजेला काहीही विरोध करीत नाहीत. एकाच भांड्याच्या पोटात असे दोन टोकांचे आकडे नांदावयाचे आहेत. ज्या अभियंत्याला या दोहोंचा मेळ घालावयाचा, त्याच्या हातून मापात चूक होऊन कसे चालेल?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लांबी किंवा वजन मोजताना शून्य कोठे मांडावे, याबद्दल कोणाला शंका नसते. वजन नाही म्हणजे शून्य. उष्णतामानाचे तसे नाही. स्वीडनचे शास्त्रज्ञ आंदेर्स सेल्सियस यांनी १७४२ साली पाण्याच्या गोठण्याचा व उकळण्याचा असे दोन बिंदू घेऊन मधल्या अंतराचे शंभर भाग केले. गमतीची गोष्ट अशी की, त्यांनी शून्य उकळण्याच्या जागी आणि शंभर गोठण्याच्या जागी मांडले होते. हा क्रम पुढे उलटा करण्यात आला. यावरून हे शून्य माणसाने आपल्या सोयीने मांडलेले आहे, हे उघड होते. शून्य अंशावरील बर्फात उष्णता मुळीच नसते, असे नाही. म्हणून ४० अंशांचा दिवस २० अंशांच्या दिवसाच्या दुप्पट उष्ण असतो, असे म्हणणे चुकीचे आहे.

खरे शून्य कोठे आहे? पदार्थाचे कण सदैव हालचाल करीत असतात, आणि ही हालचाल किती जोमाची आहे हे उष्णतामान दर्शविते. पदार्थ थंड करीत गेले तर ही हालचाल मंदावत जाते. जेथे ती कमीत कमी होईल आणि जिच्याखाली जाणेच संभवत नाही, अशी एक सीमा आहे. ती उणे २७३.१५ अंश सेल्सियस होय. हिला निरपेक्ष शून्य म्हणतात. विल्यम टॉमसन यांनी १८४८ साली अशा शून्यापासून आरंभ होणाऱ्या श्रेणीची कल्पना मांडली. पुढे त्यांना लॉर्ड केल्विन हा किताब मिळाला. ग्लासगो विद्यापीठाजवळून केल्विन नावाची नदी वाहते. तिच्यावरून तो किताब घेतलेला होता. त्यामुळे आज जगभर उष्णतामानाचे मूळ एकक एका लहानशा नदीचे नाव धारण करून आहे.

एक केल्विन आणि एक सेल्सियस अंश यांचा आकार सारखाच आहे. फरक आहे तो केवळ शून्याच्या जागेत. म्हणून सेल्सियसच्या आकड्यात २७३.१५ मिळविले की केल्विन मिळतात. सुरतेचे ४० अंश म्हणजे ३१३.१५ केल्विन. रंगाईच्या यंत्रातील १३० अंश म्हणजे ४०३.१५ केल्विन. हजिऱ्याच्या बंदरावर द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवून घेतात; तो उणे १६२ अंश सेल्सियसच्या आसपास असतो, म्हणजे सुमारे १११ केल्विन. आणि वर सांगितलेले उणे २६९ अंश म्हणजे फक्त ४ केल्विन. आता २० आणि ४० अंशांच्या दिवसांची तुलना करून पाहा. २९३.१५ आणि ३१३.१५ यांचे गुणोत्तर सुमारे १.०७ येते, दुप्पट तर दूरच राहिली! १९६७ सालापासून 'अंश केल्विन' असे न म्हणता नुसते 'केल्विन' म्हणण्याची पद्धत आहे, हेही ध्यानात ठेवावे.

शून्य योग्य जागी आले, की पुढचे काम दशमान पद्धतीचे. मोठ्या संख्यांना नावे देण्याची कला आपल्याला नवी नाही. भास्कराचार्यांनी सुमारे ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. सुरतेतील ज्या मराठी कुटुंबांचे मूळ गाव खानदेशात आहे, त्यांना ही जागा परकी नाही. त्या पद्धतीत प्रत्येक स्थान मागच्याच्या दहापट असे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत मात्र मुख्य उपसर्ग हजारपटीने वाढतात किंवा घटतात. ते असे:

किलो : एकावर ३ शून्ये (हजार)
मेगा : ६ शून्ये (दहा लाख)
गिगा : ९ शून्ये (अब्ज)
टेरा : १२ शून्ये (लाख कोटी)

मिली : हजारावा भाग
मायक्रो : दहा लाखावा भाग
नॅनो : अब्जावा भाग
पिको : लाख कोटीवा भाग

याच्यापुढे मोठ्या बाजूस पेटा, एक्सा, झेटा, योटा, आणि लहान बाजूस फेम्टो, अ‍ॅटो, झेप्टो, योक्टो असे उपसर्ग आहेत. २०२२ साली त्यांत आणखी भर पडली. सर्वांत मोठा क्वेटा म्हणजे एकावर तीस शून्ये, आणि सर्वांत लहान क्वेक्टो म्हणजे तितक्याच घरांनी लहान.

रूपांतराची रीत आता तीन पायऱ्यांत सांगता येईल. पहिली पायरी, उष्णतामान सेल्सियस किंवा फॅरनहाइटमध्ये असेल तर ते प्रथम केल्विनमध्ये आणावे. दुसरी पायरी, दोन उपसर्गांत किती घरांचे अंतर आहे ते मोजावे. लहान एककाकडे जावयाचे असेल तर दशांशचिन्ह तितकी घरे उजवीकडे सरकवावे. मोठ्या एककाकडे जावयाचे असेल तर डावीकडे. तिसरी पायरी, उत्तर पडताळून पाहावे. लहान एककात आकडा मोठा झाला आहे ना? नसेल तर दिशा चुकली, असे समजावे.

काही खरी उदाहरणे घेऊ. मुंबईला कुलाब्याच्या टोकाशी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी २०१६ च्या अखेरीस असे जाहीर केले की, शुद्ध बिस्मथ धातूचा स्फटिक ०.५३ मिलिकेल्विन इतका थंड केला असता अतिवाहक बनतो, म्हणजे त्याचा विजेला होणारा विरोध पूर्णपणे नाहीसा होतो. मिलीपासून मायक्रोपर्यंत तीन घरे आहेत. म्हणून हे ५३० मायक्रोकेल्विन झाले. मिलीपासून मूळ केल्विनपर्यंतही तीनच घरे, पण उलट दिशेने; म्हणून ०.०००५३ केल्विन. समुद्रकाठच्या दमट उन्हाळ्यात, भिंतीपलीकडे तीनशेहून अधिक केल्विन असताना, एवढीशी थंडी राखावयाची म्हणजे काय प्रयास पडले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१९९५ साली अमेरिकेतील बोल्डर येथे रुबिडियमचे अणू सुमारे १७० नॅनोकेल्विनपर्यंत थंड करून एक नवीच द्रव्यावस्था निर्माण करण्यात आली. आपले सत्येंद्रनाथ बसू यांच्या १९२४ सालच्या विचारावरून आइन्स्टाइन यांनी तिचे भाकीत केलेले होते. पुढे २०२१ साली जर्मनीत ३८ पिकोकेल्विनपर्यंत मजल गेली. पिकोपासून नॅनोपर्यंत तीन घरे, म्हणून हे ०.०३८ नॅनोकेल्विन. हेच सेल्सियसमध्ये लिहावयाचे तर उणे २७३.१४९९९९९९९९६२ अंश असे लिहावे लागेल! कोणी कंटाळून पुढचे नऊ सोडून आकडा जवळच्या शतांशावर आणला, तर उणे २७३.१५ उरते, आणि इतक्या श्रमांनी गाठलेली सगळी मजल पुसली जाते. अतिशय लहान उष्णतामानांना सेल्सियस का चालत नाही, हे यावरून पटेल.

मोठ्या टोकाला नेमके याच्या उलट घडते. १५ कोटी अंश सेल्सियस म्हणजे किती केल्विन? नियमाप्रमाणे २७३.१५ मिळवावे खरे. पण ही बेरीज दहा लाखांत दोनाहूनही कमी फरक पाडते, आणि मूळ १५ कोटी हा आकडाच अदमासाचा आहे. म्हणून येथे १५० मेगाकेल्विन म्हणून मोकळे व्हावे हेच शहाणपण. २०१२ साली युरोपातील महाकाय त्वरकावरील प्रयोगात अणुकेंद्रांच्या टकरीतून सुमारे ५.५ टेराकेल्विन उष्णतामान निर्माण झाल्याचे सांगण्यात आले. टेरापासून मेगापर्यंत सहा घरे. म्हणून ते ५५ लाख मेगाकेल्विन. आजच्या भौतिकशास्त्राला ज्याच्यापलीकडे काही सांगता येत नाही, असे प्लांक उष्णतामान सुमारे १४२ क्वेटाकेल्विन मानतात.

प्लाझ्माच्या अभ्यासकांचे आणखी एक माप आहे. ते उष्णतामान इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेच्या एककात सांगतात. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०५ केल्विन. आपल्या राज्यात गांधीनगरजवळ भाट येथे प्लाझ्मा संशोधन संस्था आहे, आणि तेथे १९८९ साली 'आदित्य' हे भारतात रचलेले व बांधलेले पहिले टोकामाक यंत्र चालू झाले. अशा यंत्रातील प्लाझ्मा समजा ३०० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असेल, तर गुणाकाराने सुमारे ३४ लाख ८० हजार केल्विन, म्हणजेच ३.४८ मेगाकेल्विन होतात. '३००' हा आकडा ऐकून कोणी त्याला खोलीतील हवेचे केल्विन समजला, तर केवढा अनर्थ!

अशाच एका अनर्थाची जागा लेखनात आहे. इंग्रजी चिन्हांत मेगासाठी मोठ्या लिपीतील 'एम' आणि मिलीसाठी लहान लिपीतील 'एम' लिहितात. या दोन एककांत नऊ घरांचे अंतर आहे. अक्षराचा आकार चुकला की उत्तर शंभर कोटी पटींनी चुकते. तीच गोष्ट 'के' या अक्षराची: लहान 'के' म्हणजे किलो, मोठा 'के' म्हणजे केल्विन. एककांच्या गोंधळाची किंमत जगाने मोजलेली आहे. १९९९ साली अमेरिकेने मंगळाकडे धाडलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान एका गटाने पौंडाच्या आणि दुसऱ्याने न्यूटनच्या हिशेबाने गणित केल्यामुळे नष्ट झाले.

शेवटी एका मुद्द्याकडे आम्ही वाचकांचे, विशेषतः पालकांचे, मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. उष्णतामान आणि उष्णतामानातील फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरकाचे रूपांतर करताना शून्याची जागा मुळीच विचारात घ्यावयाची नसते. ३२ किंवा २७३.१५ मिळवावयाचे नसतात. विश्वात सर्वत्र जे मंद प्रारण भरून राहिले आहे, त्याचे उष्णतामान २.७२५ केल्विन, आणि आकाशाच्या निरनिराळ्या भागांत त्यात जो फरक पडतो, तो सुमारे ३० मायक्रोकेल्विनचा, म्हणजे लाखात एक भागाचा. हा ३० मायक्रोकेल्विनचा फरक सेल्सियसमध्येही ३० मायक्रोअंशच राहतो. पृथ्वीची सरासरी तापमानवाढ १.५ अंश सेल्सियसवर रोखण्याचा प्रयत्न करावा, असे २०१५ साली पॅरिस येथे राष्ट्रांनी ठरविले. ही वाढ फॅरनहाइटमध्ये २.७ अंश होय. नेहमीचे सूत्र आंधळेपणाने लावून ३४.७ म्हणणारा फसतो.

घरातही हा प्रसंग येतो. पुष्कळ घरांतील तापमापक फॅरनहाइटचे असतात, तर काही ठिकाणी सेल्सियसचे. "मुलाचा ताप तीन अंशांनी चढला आहे" एवढाच निरोप डॉक्टरांना गेला, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? फॅरनहाइटचे तीन अंश असतील तर ताप ९८.६ वरून १०१.६ वर गेला. म्हणजे सेल्सियसचे सुमारे ३८.७. सेल्सियसचे तीन अंश असतील तर तो ३७ वरून ४० वर गेला. म्हणजे फॅरनहाइटचे १०४! पहिल्या मुलाला विश्रांती व देखरेख पुरेशी ठरू शकेल. दुसऱ्याच्या बाबतीत वेळ दवडून चालणार नाही. म्हणून निरोप देताना किती अंशांनी चढला हे न सांगता तापमापकावर किती आकडा आहे व तो कोणत्या मापाचा आहे, हे दोन्ही सांगावे.

विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरणे सोडवून पाहावीत. (१) सूर्याच्या केंद्राचे दीड कोटी केल्विन मेगाकेल्विन व गिगाकेल्विनमध्ये लिहा. (२) २.७२५ केल्विनचे मिलिकेल्विन व मायक्रोकेल्विन करा. (३) द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सियसवर उकळतो. हे किती केल्विन? (४) १५० मेगाकेल्विन म्हणजे किती मिलिकेल्विन?

उत्तरे : (१) १५ मेगाकेल्विन, ०.०१५ गिगाकेल्विन. (२) २,७२५ मिलिकेल्विन, २७,२५,००० मायक्रोकेल्विन. (३) ७७.१५ केल्विन. (४) १५,००० कोटी मिलिकेल्विन.

ज्यांची चारही उत्तरे बरोबर येतील, त्यांनी हजिऱ्याच्या त्या भांड्यातील दोन आकडे, १५० मेगाकेल्विन आणि ४ केल्विन, घेऊन त्यांचे गुणोत्तर काढावे. ते पावणेचार कोटी येते. कोणी सांगावे, ते यंत्र पूर्णपणे चालू होईल तेव्हा त्याच्या हिशेबाच्या वहीवर आपल्याच शाळेतून गेलेला एखादा विद्यार्थी बसलेला असेल!